जुन्या चवीचं पिंप

कामिसावा, २४ जानेवारी १९८४

चि. कोसाकु,

बर्फ खिडकीच्या वर चढलंय. तुझे दाजी रोज सकाळी छपरावरचं बर्फ ओढायला चढतात आणि मी खालून ओरडते, "अहो, वय झालं, जपून!" ते वरून म्हणतात, "वय झालं म्हणूनच तुझं ऐकू येत नाही." या माणसाबरोबर मी तीस वर्षं काढली, तू माझं कौतुक कर.

काल पिंप उघडलं. यंदा मुळ्यांना धुरी छान बसली. चुलीवर टांगलेले असताना मी चेरीच्या लाकडाशिवाय दुसरं काही जाळलं नाही. मग कोंडा, मीठ आणि वर बाबांचा तोच दगड. दोन वर्षांपूर्वी तू लिहिलं होतंस, "ताई, चव उतरली आहे, हात आखडलास की काय?" ते माझ्या जिव्हारी लागलं होतं. तेव्हापासून मिठाला हात सैल सोडलाय. खोकं आज पाठवते आहे. आमच्या ताटातही रोज हेच असतं, तेव्हा आम्ही जेवायला बसलो की तूही आमच्याच पंगतीला आहेस असं समज.

तब्येत कशी आहे? चेष्टेवारी नेऊ नकोस. यंदा तुला बावन्न पूर्ण होतील. बाबा चोपन्नचे होते. न्हाणीतून गरम अंगाने बाहेर आले, अंगणातल्या बर्फातून चार पावलं टाकली आणि अंगावरून वारं गेलं. तू तेव्हा शाळेत होतास, मी मात्र त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं होतं. अजून हिवाळ्यात न्हाणीचं दार वाजलं की मी दाजींना हाक मारते.

शिझुयोला आशीर्वाद सांग. फोन करू नकोस. फोनवर मला नुसतं हं हं करता येतं.

तुझी ताई,
हात्सुए

&nbsp;

कावासाकी, १२ फेब्रुवारी १९८४

ती. ताई,

खोकं पोचलं. शिझुयो बाजारात गेली होती म्हणून दोरी मीच कापली. धुराचा वास आला आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच चार फोडी तोंडात टाकल्या. हीच ती चव! शिझुयो आली तेव्हा मी साकेची बाटली काढून बसलो होतो. ती म्हणाली, "अजून दिवस मावळला नाही." मी म्हटलं, "कामिसावाला मावळला, तिथे डोंगर आहे."

तब्येतीचं विचारलंस. कारखान्याची वार्षिक तपासणी नुकतीच पार पडली. ताई, हा सोहळा तू एकदा बघायला हवास. तपासणी जवळ आली की आमच्या खात्यातले सगळे पुरुष साधू होतात. दारू बंद, डब्यात कोबी, जिन्याने चढउतार. एकजण तर लिफ्टकडे पाठ करून उभा राहायचा. आणि तपासणी झाली की त्याच संध्याकाळी सगळी दिंडी रुळांपलीकडच्या गाड्यावर. आधी साके, मग नूडल्सचा वाडगा, आणि रस्सा तळ दिसेपर्यंत प्यायचा. मी मुकादम, मी आधी उठलो तर बाकीच्यांना उठावं लागतं. त्यामुळे मी शेवटी उठतो.

यकृत उत्तम, वजन जरा जास्त. रक्तदाब थोडा वर निघाला, पण त्यात काही नाही. नर्सची बोटं इतकी गार होती की कुणाचंही काळीज धडधडेल. डॉक्टर आमच्या चिआकीहून लहान दिसत होता. त्याने मला गोळ्या लिहून दिल्या. एकदा सुरू केल्या की जन्मभर घ्यायच्या म्हणे! म्हातार्‍यांची सवय मला आत्तापासून कशाला?

तू बाबांचं मनावर घेऊ नकोस. बाबांना थंडीने नेलं. आमच्या न्हाणीत गॅसची शेगडी आहे.

तुझा,
कोसाकु

&nbsp;

कावासाकी, ६ नोव्हेंबर १९८४

ती. वन्संना शिझुयोचा नमस्कार.

तिकडे पहिलं बर्फ पडलं असेल. दाजींचे गुडघे कसे आहेत? तुमच्या कंबरेचं ऐकून आम्हा दोघांना फार वाईट वाटतं.

एक विनंती करायची होती. रागावू नका. चिआकी लग्न होऊन गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पूर्वीइतकं जेवण लागत नाही. फ्रीजही लहान आहे, आणि भिंतीला भिंत लागून घरं असल्यामुळे मुळ्यांचा वास शेजारी जातो. तुम्ही थंड पाण्यात हात घालून एवढे मुळे धुता, धुरी देता, आणि आम्ही इथे बसून खातो याची लाज वाटते. यंदा तो त्रास नका घेऊ. तुमचं पत्र आलं तरी आम्हाला सगळं पोचलं.

हे हल्ली संध्याकाळी मान धरून बसतात. काम फार असतं, त्यामुळे असेल. तुम्ही काळजी करू नका.

तुमची,
शिझुयो

&nbsp;

कामिसावा, २० नोव्हेंबर १९८४

चि. कोसाकु,

हे पत्र तुझ्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी पाठवायची माझी टाप नाही. तिथे वास जाईल.

तुझ्या बायकोला आमच्या मुळ्यांचा वास येतो! पंचवीस वर्षं आला नाही, आता यायला लागला. "तुमचं पत्र आलं तरी पोचलं" म्हणे. किती गोड! मी दाजींना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "बाई सभ्य आहे, सभ्य बाई कारण नसताना असं लिहीत नाही. विचार तर खरं." मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तुम्हाला सभ्य बायकांचं काय कळतं?

पण तू म्हणालास तर बंद करीन. मुळे आत्ता चुलीवर लटकतायत. तू "नको" लिही, मी ते शेजारी वाटून टाकते. रडणार नाही. फक्त तुझ्या तोंडून येऊ दे, बायकोच्या नको.

ताई

&nbsp;

कावासाकी, २ डिसेंबर १९८४

ताई,

शिझुयोने तुला लिहिलं हे मला तुझ्या पत्रावरून कळलं. मी तिला बोललो. तू मनाला लावून घेऊ नकोस. वासाचं वगैरे खरं नाही. डॉक्टरने पुन्हा काहीतरी सांगून ठेवलंय, मीठ कमी, सिगारेट बंद, दारू बंद. जगणं बंद एवढंच सांगायचं राहिलं. हे तो सगळ्यांनाच सांगतो. आमच्या शेजारच्या यंत्रावरच्याला सांगितलं, तो अठ्ठावीस वर्षांचा आहे.

मुळे पाठव. कारखान्याच्या पत्त्यावर पाठव. कपडे बदलायच्या खोलीत माझं कपाट आहे, तिथे थंड असतं. जेवणाच्या सुट्टीत भाताबरोबर खाईन. घरी शांतता, पोटात आनंद.

आणि तू मला सांग, दाजी सत्तरीला आले. रोज तेच खातात, तुझ्याच हातचं, त्याच पिंपातलं. तरी छपरावर चढून बर्फ ओढतात. मग मला काय धाड भरलीय? मी शिझुयोलाही हेच सांगितलं.  तिच्याकडे उत्तर नव्हतं.

खरं सांगू? इथे मी सगळ्यांचा मुकादम आहे. तुमच्या पंगतीला मात्र अजून धाकटा आहे. ते मला सोडवत नाही.

कोसाकु

&nbsp;

कामिसावा, २१ जानेवारी १९८५

चि. कोसाकु,

तुझं पत्र आलं त्याला महिना होऊन गेला. मी दोनदा लिहायला बसले आणि दोनदा कागद चुलीत घातला.

दाजींचं तू लिहिलंस. ते ठीक आहेत. खातात. आम्ही सगळे तेच खातो.

आता मी विचारते त्याचं सरळ उत्तर दे. तुझा रक्तदाब किती आहे? "थोडा वर" नको, आकडा लिही. आणि मान का धरतोस? डॉक्टर सगळ्यांना सांगतो म्हणालास, पण गोळ्याही सगळ्यांना देतो का? घेतोयस का त्या?

खोकं बांधून झालंय म्हणून पाठवते आहे, पण आधी मला उत्तर लिही आणि मग उघड. ऐक माझं एकदा. लहानपणी गोठलेल्या तळ्यावर जाऊ नको म्हटलं होतं, तेव्हाही तू "काही होत नाही" म्हणाला होतास. तुला बाहेर ओढताना माझा बूट आत राहिला होता.

ताई

&nbsp;

पोस्टकार्ड. कावासाकी, ३० जानेवारी १९८५

ताई, रक्तदाब एकशे तीस. गोळ्या घेतो. मान उशीमुळे दुखत होती, उशी बदलली. तुझी बुटाची गोष्ट सगळ्या खात्याला सांगितली, सगळे हसले. खोकं उघडलं. यंदाची चव म्हणजे अगदी बाबांच्या वेळची! कोसाकु.

&nbsp;

कावासाकी, २७ फेब्रुवारी १९८५

ती. वन्सं,

तार पोचली असेल. दवाखान्यात शब्द सुचेनात, म्हणून आता सविस्तर लिहिते.

सोमवारी सकाळी कपडे बदलायच्या खोलीत हे पडले. बुटाची नाडी बांधायला वाकले होते. उजवं अंग गेलंय. जीव वाचला, असं डॉक्टर म्हणतात. ओळखतात सगळ्यांना, पण शब्द जुळत नाहीत. मला हाक मारायला गेले आणि तोंडून दुसरंच काही आलं, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना मी रडताना पाहिलं नव्हतं.

त्यांचे जोडीदार कपाटातलं सामान घरी घेऊन आले. बूट, टोपी, आणि तुमचं खोकं. अर्ध्याहून जास्त संपलेलं. त्याच्याखाली गोळ्यांची पाकिटं होती. एकही उघडलेलं नव्हतं.

वन्सं, आज स्पष्ट लिहिते. रक्तदाब गेली चार वर्षं भयंकर होता. मागच्या तपासणीत दोनशेला टेकला होता. मी सगळं करून पाहिलं. मिसोचं सूप पातळ केलं तर हे वरून सोया सॉस ओतायचे. सिगारेटी लपवल्या तर नव्या आणायचे. तुम्हाला कळवते म्हटलं, तेव्हा ओरडले, "ताईला काळजीत घातलंस तर बघ. तिने बाबांना पडताना पाहिलंय." म्हणून मी ते वासाचं पत्र लिहिलं. माझी कल्पना अशी की तुम्ही ओळखाल. तुम्ही रागावलात हे मला यांच्या ओरडण्यावरून कळलं.

एकच गोष्ट विचारायची आहे. हे मला नेहमी म्हणायचे, "कामिसावाला सगळे हेच खातात आणि दाजींकडे बघ." मला यावर कधीच काही बोलता आलं नाही. खरंच तुम्ही सगळे तेच खाता का?

शिझुयो

&nbsp;

कामिसावा, ५ मार्च १९८५

शिझुयो, हे पत्र कोसाकुसाठी आहे. त्याच्या उशाशी बसून मोठ्याने वाच. तू आधी वाच, नंतर हवं तर मला शिव्या दे, मी ऐकून घेईन.

कोसाकु,

आम्ही ते खात नाही.

सहा वर्षं झाली. आरोग्य केंद्राची नर्सबाई गावात आली होती. तिने घरोघरच्या मिसोच्या सुपात एक नळी बुडवून मीठ मोजलं आणि पाटावर बसून आम्हा बायकांना सांगितलं, तुमची माणसं नुसत्या थंडीने जात नाहीत, तुम्ही त्यांना वाढता त्यानेही जातात. आम्ही तिला हसलो. मिठाशिवाय इथला हिवाळा निघत नाही, हे आईपासून ऐकलेलं. पण त्याच हिवाळ्यात दाजींचा हात एक अख्खा दिवस लुळा पडला. परत आला, देवाची कृपा. मी घाबरले. दुसर्‍या दिवसापासून घरातलं मीठ निम्म्यावर आणलं, मग त्याच्याही खाली. दाजी दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. आता सवय झाली आहे. गावात सगळ्यांनीच कमी केलंय. जुन्या चवीचे मुळे आता कामिसावात कुणाच्या घरी नाहीत.

फक्त एका पिंपात होते. ते शेडमध्ये, कुदळी-फावड्यांच्या मागे ठेवलेलं असायचं. ते तुझं पिंप. दाजींनी चुकून खाऊ नयेत म्हणून झाकणावर फळी ठोकायची मी.

पहिल्या वर्षी तुलाही कमी मिठाचेच पाठवले होते. दोन-तीन वर्षं पाठवले. तेव्हा तू लिहिलंस, चव उतरली. मला काय वाटलं सांगू? वाटलं, पोरगं अठराव्या वर्षी घर सोडून गेलं, त्याच्याजवळ घराचं एवढंच आहे, तेही मी बदललं. मग मी तुझ्यासाठी वेगळं घालायला लागले, आणि त्यापुढे आम्हीही तेच खातो असं लिहायला लागले, तुला परकं वाटू नये म्हणून. नर्सबाईचं बोलणं मला पाठ होतं. दाजींसाठी मी ते मानलं, तुझ्यासाठी नाही मानलं. तू लांब होतास, मला दिसत होतास तो मुळे खाऊन खूश झालेला, बस्.

डिसेंबरात तू दाजींचं उदाहरण दिलंस, तेव्हा मी खरं लिहायला बसले होते. दोनदा. लिहिलं असतं तर तू फोडी टाकून दिल्या असत्यास की नाही, ठाऊक नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण शिझुयोकडे उत्तर तरी आलं असतं. ती तिथे एकटी भांडत होती आणि तिच्याविरुद्ध तू माझी साक्ष काढत होतास, तीही खोटी.

काल दाजी आणि मी पिंप शेडमधून बाहेर ओढलं आणि ओढ्यात रिकामं केलं.  दगड दाजींनी उचलून आणून पायरीपाशी ठेवला.

कंबर जरा धरली आहे, ती सुटली की मी येते. शिझुयो, मला पोरी माफ कर. मी सभ्य नाही, मला आडून सांगितलेलं कळत नाही. यापुढे मला तोंडावर सांगत जा.

हात्सुए

&nbsp;

कामिसावा, १८ जानेवारी १९८६

चि. कोसाकु,

एप्रिलमध्ये मी येऊन गेले. तुझ्या खाटेजवळ आठवडाभर बसले, तू भिंतीकडे तोंड करून होतास. मी निघाले तेव्हाही वळला नाहीस. शिझुयो कळवते की तू आता काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातोस, शब्दही बरेच परत आलेत, डाव्या हाताने अक्षरं गिरवतोस. मग माझ्यासाठी एक ओळ नाही, ती हातामुळे नाही हे मला समजतं. राग आहे तर असू दे. पण राग लिहून पाठव, कोसाकु. बाबांना तर काही बोलताच आलं नव्हतं.

यंदा एकच पिंप घातलं. घरातलं. त्यातलेच मुळे थोडे पाठवते आहे. शिझुयोला विचारलं, ती म्हणाली डॉक्टरांना विचारून सांगते, आणि मग कळवलं की दिवसाला दोन पातळ फोडी चालतील. मीठ कमी म्हणून हे टिकत नाहीत, लवकर संपवा. नको असतील तर टाकून द्या. आता मी विचारणार नाही.

ताई

&nbsp;

कावासाकी, ९ फेब्रुवारी १९८६

ताई,

डावा हात आहे. अक्षर पहिलीतल्या पोराचं. हसू नको.

राग होता. तू खोटं बोललीस म्हणून नाही. मी तुझ्याहून जास्त बोललो. एकशे तीस! गोळ्यांचं तर तुला कळलंच. चूक माझी. तोंड माझं, हात माझा.

राग वेगळाच होता. मी कपाटापुढे उभा राहून खायचो, तेव्हा वाटायचं तू, दाजी, सगळे चुलीपाशी बसून हेच खाताय. तीन वर्षं मी एकटाच खात होतो. त्या पंगतीला कुणीच नव्हतं. ते मला सहन होत नव्हतं म्हणून भिंतीकडे बघत होतो.

काल खोकं आलं. शिझुयोने दोन फोडी कापल्या, कागदासारख्या. तिने विचारलं, वन्संना काय कळवू? मी म्हटलं, मी कळवतो.

ताई, बेचव आहेत. अगदी पांचट. धुराचा वास आहे, पुढे काहीच नाही. दाजी हे कसे खातात?

पण तुमच्या ताटातलेच आहेत ना? खरं सांग.

तेच असतील तर पाठवत जा.

कोसाकु